फ्लूकसाठी गळ कोणत्या मापाचा?

प्रश्न : न्यू जर्सीच्या रॅरिटन उपसागरात फ्लूक मासा धरण्याचा मानस आहे, परंतु दुकानातील गळांचे क्रमांक पाहून मती गुंग झाली. कोणता गळ घ्यावा?

उत्तर : नुसत्या अंकाचा गळ अंक वाढेल तसा लहान होत जातो, तर ‘४/०’ अशा लेखनात पहिला अंक वाढेल तसा मोठा, हे प्रथम ध्यानी घ्यावे. लेपीसारखा चपटा असला तरी फ्लूक हा वाळूत दडून माकुलांवर व लहान माशांवर झेपावणारा, रुंद जबड्याचा, तीक्ष्ण दातांचा शिकारी असल्यामुळे, चिमुकल्या तोंडाच्या विंटर फ्लाउंडरला योग्य असा ८ किंवा १० क्रमांकाचा गळ त्याच्यासाठी सर्वथा अपुरा होय. ३/० ते ५/० ही मर्यादा मला प्रशस्त वाटते. माकुलाची लांब पट्टी लावणार असाल तर टोक आणि दांडी यांत ऐसपैस अंतर असलेला ४/० निःशंकपणे घ्यावा, म्हणजे आमिष जाड असूनही टोक मोकळे राहते.

मोठ्या गळाविषयीचा माझा आग्रह विशेषतः लहान माशांच्या जीवासाठी आहे. कारण बारीक गळ ते पोटापर्यंत गिळतात आणि सोडून दिल्यावरही पुष्कळदा दगावतात. मासा ठेवून घेण्यासाठी सरकारने मुक्रर केलेली किमान लांबी बदलत असते, सबब दरसाल खातरजमा करावी. फ्लूक बहुधा आमिषाचे शेपूट आधी धरतो; तेव्हा हिसका न देता, दोरीवर भार स्थिरावल्यावरच काठी सावकाश उचलावी.