जिन्यावरची खोक : ‘अर्धकथानक’ आणि ‘माझा प्रवास’

बनारसीदास या श्रीमाळ जैन व्यापाऱ्याने १६४१ मध्ये आग्र्यास ‘अर्धकथानक’ हे पद्यात्मक आत्मवृत्त पूर्ण केले, तेव्हा तो ५५ वर्षांचा होता. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे मानून त्याने त्यास ‘अर्धे’ म्हटले. या काळात अकबर, जहांगीर आणि शाहजहान अशा तीन बादशहांच्या राजवटी येतात. तथापि बनारसी त्यांची नोंद घेतो ती आपल्या संसाराच्या जमाखर्चात, घरातील जन्ममृत्यूंच्या आणि व्यापारातील खोटीच्या शेजारी.

१६०५ चा प्रसंग पाहावा. अकबर निवर्तल्याची वार्ता जौनपुरास आली तेव्हा हा तरुण घरातील जिन्यावर बसला होता. मूर्च्छा येऊन तो कोसळला. डोक्यास खोक पडली. आईने कापड जाळून जखमेवर लावले. बाहेर दुकाने बंद झाली, धनिकांनी दागदागिने पुरले आणि जाडीभरडी वस्त्रे अंगावर चढविली. सुमारे दहा दिवसांनी जहांगीर तख्तावर बसल्याचे पत्र आले, तेव्हा कोठे भीती ओसरली. इतिहासाचे अभ्यासक हा उतारा बहुधा येथेच तोडतात. बनारसी मात्र येथे थांबत नाही. पुढे एके दिवशी त्याच्या मनात प्रश्न उठतो : आपण पडलो तेव्हा नित्य पूजिलेल्या शिवाने आपणास का सावरले नाही? ती पूजा सुटते. बादशहाच्या मृत्यूची परिणती अशी एका वाण्याच्या देवघरात होते. उतारा तोडणाऱ्याच्या हाती नेमके हेच लागत नाही.

मराठीत याच्याशी ताडून पाहण्याजोगा ग्रंथ म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. वरसईचे हे भिक्षुक कर्जनिवारणार्थ, दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेस निघाले आणि बंडात सापडले. झाशीच्या लुटीत मिळकत गेली. गंगेची कावड मात्र त्यांनी घरी आणली आणि मातापितरांस स्नान घातले. त्यांच्या लेखी प्रवासाची सांगता ती हीच. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये संस्कार करून हा वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि आपण तो प्रामुख्याने झाशीची साक्ष म्हणून वाचत आलो. १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितानुसार आवृत्ती सिद्ध केल्यानंतरही ही दृष्टी फारशी पालटली नाही. कावडीचा शेवट आपणांस जोडकाम वाटतो, हा दोष वाचकाचा.

अर्थात साम्य फार ताणू नये. बनारसीपाशी पंचावन्न वर्षांचा सलग हिशेब आहे. सात पुत्र व दोन कन्या गेल्याची नोंदही त्यात आहे. गोडसेभटजींनी प्रवासाची वर्षे तेवढी लिहिली. घरी परतल्यापासून लेखणी हाती घेईपर्यंतची सुमारे दोन तपे, यजमानांच्या दारची आणि शेतीवाडीची, ग्रंथाबाहेरच राहिली आहेत.