हेड गॅस्केटचं काम घेताना: आधी तपासणी, मग रेट

जुन्या गाड्यांचं गॅरेज टाकायचं मनात असेल, तर हे काम नीट समजून घ्या.

प्रीमियर पद्मिनीचं 1089 सीसी इंजिन घ्या. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. इंजिन जास्त तापलं की हेड वाकू शकतं आणि जोडातून कूलंट झिरपायला लागतं.

आधी माझी चूक सांगतो. सुरुवातीला अशीच एक गाडी आली. मी न तपासता ठोक रेट सांगितला, नवीन गॅस्केट टाकलं, गाडी दिली. आठ दिवसांत तीच गळती! हेड वाकलेलं होतं. पुन्हा हेड उतरवणं, फेसिंग, दुसरं गॅस्केट... सगळं माझ्या खिशातून.

आता मी असं करतो:

1. इंजिन थंड असतानाच रेडिएटरची कॅप उघडायची. इंजिन पुसून कोरडं करायचं. पाणी बरेचदा वरच्या होज पाइपमधून गळतं आणि जोडावर दिसतं.

2. हातपंपाने रेडिएटरमध्ये दाब द्यायचा, पण कॅपवर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त नको. बाहेर गळती नाही, तरी काटा उतरतोय? मग ऑइल दुधाळ झालंय का, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का, ते बघा.

3. हेड थंड असतानाच उतरवा. पृष्ठभाग साफ करून सरळ पट्टी आडवी-तिरकी लावा. खालून 0.05 मिमीचं फिलर गेज गेलं, तर हेड मशीन शॉपला दाखवा. पाण्याच्या भोकांभोवती धातू गंजून खड्डे पडलेत का, तेही बघा. वर्षानुवर्षं नुसतं नळाचं पाणी भरलं की असं होतं.

4. बोल्टची भोकं कोरडी करा. गॅस्केट नवीनच हवं. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आवळा. आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच घ्या. अंदाजाने पाना मारू नका.

आता धंद्याचं. एस्टिमेटमध्ये तीन ओळी वेगळ्या लिहा: तपासणी, गॅस्केटचं काम, आणि हेड खराब निघाल्यास मशीन शॉपचा खर्च. हेड उघडायच्या आधी ग्राहकाचा होकार घ्या. तपासणीचे पैसे मागायला लाजू नका. त्यातच तुमचं नुकसान आणि त्याची गाडी, दोन्ही वाचतात.

गृहपाठ: आजच असं तीन ओळींचं एस्टिमेट कागदावर लिहून काढा.