ताब्याचा वाद आणि बालमनाची जखम

शिरूर आणि दौंड या तालुक्यांमधून भीमा वाहते आणि सोयरिकी तिच्या दोन्ही तीरांवर जुळतात. संसार मोडला की आजोळ एका तालुक्यात व वडिलांचे घर दुसऱ्यात राहते आणि मुलाची ओढाताण सुरू होते.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या कलम १३ नुसार अशा वादात बालकाचे कल्याण हाच सर्वश्रेष्ठ निकष होय. मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच स्पष्ट केले. तथापि मारहाणीचा वळ दिसतो, मनाची जखम दिसत नाही. ती ओळखण्याचे काम समाजसेवक, शिक्षक व अंगणवाडी सेविका यांना करावे लागते.

लक्षणे कोणती?

सुटलेली सवय परतून अंथरूण ओले होणे, भेटीच्या आदल्या दिवशी पोट दुखणे, अभ्यासातून मन उडणे, एकाएकी अबोल होणे ही लक्षणे लक्षात घ्यावीत. सात वर्षांचे मूल ‘पोटगी’, ‘तारीख’ असे शब्द बोलू लागले, किंवा आईवडिलांमधील निरोप्या बनले, तर वादाचे ओझे त्याच्यावर पडले आहे असे समजावे. मात्र एकच लक्षण हा पुरावा नव्हे. शारीरिक दुखण्यासाठी प्रथम डॉक्टरांना दाखवावे.

घाईचा निष्कर्ष नको

मूल एका पालकास टाळते, याची कारणे दोन असू शकतात. एक, दुसऱ्या पालकाने त्याचे मन कलुषित केले असेल. या हानीची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मधील एका निर्णयात घेतली आहे. दोन, त्या पालकाकडून त्याला खरोखरच मारहाण वा धाक सोसावा लागला असेल. पहिले कारण गृहीत धरून दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाल्यास मूल पुन्हा संकटात लोटले जाईल.

चौकशी कशी करावी?

मुलास दोन्ही घरी व शाळेत, निरनिराळ्या दिवशी भेटावे. ‘तुला कोण हवे?’ असे विचारू नये. समजत्या मुलाची पसंती विचारात घेणे हे न्यायालयाचे काम आहे. ‘काल दिवसभर काय केलेस?’ असा साधा प्रश्न पुरे. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारखेसह लिहावेत. आपले मत वेगळे नोंदवावे. धोका जाणवल्यास १०९८ या क्रमांकावर किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षास विनाविलंब कळवावे.

पंचायत सदस्यांनी हा वाद चावडीवर मुलासमोर काढू नये. मुलास साक्षीदार न करणे, हे त्याच्या संरक्षणाचे पहिले पाऊल होय.