शय्याव्रण : बालकांच्या डोक्यामागेही पाहावे

शय्याव्रण म्हटले की अंथरुणाला खिळलेले वृद्धच डोळ्यांसमोर येतात. हिंडलग्यात एका घरी सेरेब्रल पाल्सी असलेल्या दोन वर्षांच्या मुलीला न्यूमोनियासाठी तपासताना मीही छातीच पाहत होतो. डोक्यामागील जखम तिच्या आजीने दाखविली. लहान बालकांचे डोके शरीराच्या मानाने जड असते. उताणे निजल्यावर सर्वाधिक दाब तेथेच येतो. ऑक्सिजनचा मास्क, नळ्या व स्प्लिंट यांखालीही व्रण होतात.

लाल डाग बोटाने दाबावा. तो फिका न पडल्यास ती व्रणाची पहिली पायरी होय. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तेथे उष्णता व कडकपणा हाताने जोखावा.

इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे १९४४ पासून डॉ. लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांची कूस दर दोन तासांनी बदलण्याचा दंडक घातला. घरीही सुरुवात त्यानेच करावी. पुढे त्वचा पाहून वेळ ठरवावी. लाल जागा चोळू नये, डोक्याखाली चुंबळ ठेवू नये, ओले दुपटे तत्काळ बदलावे, आहारात प्रथिने असावीत.

त्या दिवसापासून स्टेथोस्कोप लावण्यापूर्वी मी अशा बालकाच्या डोक्यामागे हात फिरवितो.