शौचाची सवय केव्हा लावावी?

मूल दीड वर्षाचे झाले की ‘अजून शी-शू सांगत नाही का?’ असा प्रश्न आईला घरीदारी ऐकावा लागतो. शेजारचे मूल सांगू लागले असेल, तर आपलेच काही चुकते आहे असे तिला वाटू लागते आणि मग मुलाला धाकदपटशाने भांड्यावर बसविणे सुरू होते. वास्तविक ही सवय लागणे हे आईच्या शिस्तीपेक्षा मुलाच्या शारीरिक व मानसिक वाढीवर अधिक अवलंबून असते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मुलाचे महिने मोजून मिळत नाही. ते मुलाकडे पाहूनच मिळते.

तान्ह्या मुलाचे मूत्राशय भरले की ते आपोआप रिकामे होते. पुढे मेंदू व मूत्राशय यांना जोडणारे मज्जामार्ग परिपक्व होऊ लागतात, मूत्राशयात अधिक लघवी मावू लागते आणि वेग आल्याची जाणीव होऊन तो थोडा वेळ रोखण्याची शक्ती मुलास येते. ही वाढ घाई केल्याने लवकर होत नाही. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे रेमो लार्गो व त्यांचे सहकारी यांनी दोन पिढ्यांतील मुलांची तुलना केली. पहिल्या पिढीतील बहुतेक मुलांना पहिल्या वर्षातच भांड्यावर बसविले जात असे. दुसऱ्या पिढीत ही सुरुवात पुष्कळ उशिरा झाली. तथापि लवकर आणि कसून दिलेल्या शिकवणीमुळे ताबा लवकर येत नाही, असेच १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रॅझल्टन यांनी १९६२ साली ११७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. मुलाच्या कलाने घेतलेल्या या मुलांना दिवसाचा ताबा सरासरीने साडेअठ्ठावीस महिन्यांच्या सुमारास आला.

यावर कोणी म्हणेल की, आपल्याकडे आया तान्ह्या मुलाला पायांवर बसवून ‘शूऽ शूऽ’ म्हणतात आणि मूल लघवी करते, ते कसे? केनियाच्या किनाऱ्यावरील डिगो लोकांतही अशीच रीत असल्याचे १९७७ सालच्या एका अभ्यासात नमूद आहे. तेथे पाच-सहा महिन्यांची मुलेही या खुणेला प्रतिसाद देतात. ही रीत चुकीची नाही. परंतु तिच्यात मुलाची वेळ आई ओळखते आणि त्याला उचलून नेते. मुलाने स्वतः वेग ओळखणे, तो रोखणे आणि योग्य जागी जाणे ही निराळी पायरी होय.

तयारीची लक्षणे
ही पायरी जवळ आल्याची लक्षणे बहुतेक मुलांत दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान दिसू लागतात. ती पुढीलप्रमाणे :
१. दिवसा सुमारे दोन तास चड्डी कोरडी राहते.
२. शौचाच्या वेळा साधारणपणे ठरलेल्या असतात.
३. मूल खेळता खेळता थबकते, कोपऱ्यात किंवा दाराआड जाते.
४. चड्डी ओली झाल्यास ते अस्वस्थ होते, खुणेने वा शब्दाने सांगते.
५. ते स्वतः चालत जाऊ शकते, उकिडवे बसून उठू शकते आणि चड्डी खाली ओढू शकते.
६. ‘चेंडू आण’ यासारखी साधी सूचना त्याला समजते.
७. मोठ्यांचे अनुकरण करण्याची त्याला हौस असते.

यांपैकी बरीचशी लक्षणे एकत्र दिसू लागली की सुरुवात करावी. घरात नवे बाळ आले असेल, बिऱ्हाड बदलले असेल किंवा मूल नुकतेच आजारातून उठले असेल, तर काही आठवडे थांबावे.

प्रारंभी पाय जमिनीला टेकतील असे लहान भांडे द्यावे. अंधाऱ्या संडासाची आणि मोठ्या भोकाची मुलांना भीती वाटते. तेथे एकट्याने बसण्याची सक्ती करू नये. जेवणानंतर काही मिनिटे बसवावे आणि मूल उठू लागल्यास उठू द्यावे. जमल्यास कौतुक करावे. कपडे भरल्यास न रागावता ते बदलावेत.

सक्तीचा धोका खरा आहे. मार किंवा चेष्टा यांच्या भीतीने मूल शौच रोखून धरते. रोखलेला मल कडक होतो आणि पुढच्या वेळी दुखते. दुखते म्हणून ते पुन्हा रोखते. असे बद्धकोष्ठाचे चक्र सुरू झाले की ते मोडण्यास कित्येक महिने लागू शकतात. म्हणून मूल हट्टाने नकार देऊ लागल्यास प्रयत्न काही आठवडे थांबविणे यात पराभव नाही.

लहान मुलाची विष्ठा निरुपद्रवी असते, ही समजूत चुकीची आहे. तिच्यातूनही रोग पसरतात. ती संडासातच टाकावी आणि आईने व मुलाने हात साबणाने धुवावेत.

रात्रीचा ताबा दिवसाच्या मागून येतो. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओले होणे हा रोग नव्हे. मात्र लघवी करताना दुखणे, शौचातून रक्त जाणे, दीर्घकाळचे बद्धकोष्ठ, चार वर्षांनंतरही दिवसा ताबा नसणे, किंवा कित्येक महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले होऊ लागणे, अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एरवी मुलाला वेळ देणे, हाच सर्वांत चांगला उपाय होय.