हात डोक्यावर ठेवला की कळ का थांबते?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. चार वर्षांपूर्वी मान आणि डावा हात धरला. एमआरआय केला तेव्हा मानेतल्या पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधल्या गाद्या सरकल्याचं निघालं. ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. तेव्हापासून दुखणं कमीजास्त होतं, पण जात नाही. मला विचारायचंय ते जरा वेगळंच. हातातली कळ फार वाढली की मी तळहात डोक्यावर ठेवून बसते आणि थोड्या वेळात बरं वाटतं. दुखणं मानेत, मुंग्या मधल्या बोटात आणि उतारा डोक्यावर, ही काय भानगड आहे? आणि सरकलेली गादी परत बसवता येत नाही का? आमच्या जाऊबाईंची एका हाडवैद्यांनी एका झटक्यात बसवली म्हणतात.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : तुमच्या हाताला जे आपसूक सुचलं, ते डॉक्टर तपासताना मुद्दाम करायला लावतात. तळहात डोक्यावर ठेवल्यावर कळ उतरली, तर दुखण्याचं मूळ खांद्यात नसून मानेतून निघणाऱ्या नसेत असावं, असा त्याचा अर्थ लावतात. खांदा आखडलेल्या माणसाला हात तिथवर नेताच येत नाही. मनगटात नस दबलेला माणूस रात्री झोपेतून उठतो आणि हात झटकत बसतो. प्रत्येक दुखण्याची अशी एक सवय असते, आणि ती पेशंटला बहुतेकदा डॉक्टरांच्या आधी कळलेली असते.

याचं कारण तसं साधं आहे. मणक्यांच्या दोन्ही बाजूंना नसा बाहेर पडायला अरुंद वाटा असतात. हात खाली लोंबत असला की त्याचं वजन नसेला ओढतं आणि आधीच दबून सुजलेलं तिचं मूळ त्या वाटेच्या तोंडाशी ताणलं जातं. हात वर गेला की ताण ढिला पडतो. म्हणून वह्यांचा गठ्ठा डाव्या हातात लटकवून शाळेतून घरी आलात तर संध्याकाळ वाईट जाते, आणि एसटीत खिडकीच्या कडेला कोपर टेकवून बसलात तर तोच प्रवास बरा होतो. बसल्या जागी डाव्या कोपराखाली एखादी उशी घेतली तरी फरक पडतो.

आता मधलं बोट. मानेत मणके ७, पण नसांच्या जोड्या ८. पहिल्या सात जोड्या आपापल्या मणक्याच्या वरून बाहेर पडतात, आठवी सातव्या मणक्याच्या खालून. त्यामुळे सहाव्या-सातव्यामधली गादी बाहेर आली की सातवी नस सापडते. ती दंडाच्या मागच्या स्नायूला आणि मधल्या बोटाला जाते. पाचव्या-सहाव्यामधली गादी सहाव्या नसेला दाबते, तेव्हा मुंग्या अंगठ्यात आणि त्याच्या शेजारच्या बोटात येतात. तुमच्या रिपोर्टमध्ये नावं दोन गाद्यांची असली, तरी बोटाची साक्ष खालच्या गादीविरुद्ध जाते. हा नकाशा सगळ्यांच्या हातात सारखा नसतो आणि पत्रावरून निदानही होत नसतं. पण पुढच्या वेळी डॉक्टरांना नुसतं ‘हात दुखतो’ न सांगता कोणतं बोट, ते सांगा.

गादी परत बसवण्याबद्दल. गादीला बाहेरून चिवट तंतूंच्या थरांचं कडं असतं आणि आत मऊ गर. कड्याला चीर गेली की गर तिच्यातून बाहेर येतो. उकडीच्या मोदकाला चीर गेल्यावर सारण डोकावतं, तसं. ते बोटाने आत ढकलायला जाऊन पाहा काय होतं. मानेला झटका देऊन हा गर आत जात नाही, तसा कुणी घातलेला नाही. झटक्यासरशी ‘कट्’ आवाज येतो तो सांध्यातल्या वायूच्या बुडबुड्याचा. त्यानंतर काही वेळ स्नायू सैल पडतात आणि हलकं वाटतं. जाऊबाईंना बरं वाटलं हे खरं असणार, पण त्याचं श्रेय झटक्यापेक्षा काळाला जास्त असावं. शिवाय मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रोहिण्या वर चढतात. जोरात पिळल्यामुळे त्यांचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. अशा घटना फार होत नाहीत, पण झाली तर किंमत मोठी. नस दबलेल्या माणसाने हाडवैद्याकडेच नव्हे, सलूनमध्ये चंपीनंतर फुकटात मिळणाऱ्या झटक्यालाही नाही म्हणावं.

काळाला श्रेय दिलं ते उगीच नाही. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघा डॉक्टरांनी दाखवून दिलं, की पाठीच्या कण्यातून काढलेल्या ज्या गोळ्यांना तोवर कूर्चेच्या गाठी समजत होते, त्यातल्या बऱ्याच खरं तर फुटलेल्या गाद्या होत्या. तेव्हापासून गादी बाहेर आली की काढायची, असा सरळ हिशोब बसला. पुढे एमआरआय आला, त्याच माणसाचे फोटो काही महिन्यांनी पुन्हा काढता येऊ लागले, आणि दिसलं ते असं की बाहेर आलेला गर कितीतरी जणांत आपोआप आकसतो. गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. गर कड्याबाहेर पडला की तो रक्ताच्या टापूत येतो, शरीर त्याला परका समजतं आणि साफसफाई करणाऱ्या पेशी त्याला खाऊन टाकतात. गंमत म्हणजे पार बाहेर पडलेला मोठा तुकडा नुसत्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरतो. रिपोर्टमधला भीतिदायक शब्द आणि पुढचं भविष्य यांचा मेळ बसतोच असं नाही.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावातल्या, मानेतली नस दबलेल्या ५६१ पेशंटांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे चौथाई लोकांना ऑपरेशन लागलं, आणि शेवटच्या तपासणीपर्यंत सुमारे ९० टक्के लोकांना त्रास उरला नव्हता किंवा किरकोळ उरला होता. तुम्ही म्हणाल, मग माझं चार वर्षांनी का दुखतं? प्रश्न रास्त आहे. उरलेल्यांत असणाऱ्याला ९० टक्क्यांचं कौतुक कुणी ऐकवू नये.

नस नुसती दाबल्याने बधिर होते. ती दुखते ती बहुतेकदा सूज असल्यामुळे, आणि ही सूज गरातली रसायनंच पेटवतात. ती शमल्यावरही काही जणांत मेंदू आणि मज्जारज्जूकडे जाणारा निरोप मोठ्या आवाजातच जात राहतो. गादीच्या चिरेत नव्या बारीक नसा शिरलेल्या असतात, शेजारचे सांधे झिजतात, स्नायू घाबरून कडक राहतात आणि झोप मोडते. यातलं पुष्कळसं एमआरआयमध्ये दिसत नाही. उलट जे दिसतं ते दुखत असेलच असंही नाही. जपानमध्ये कसलाही त्रास नसलेल्या १,२११ लोकांच्या मानेचे एमआरआय काढले, त्यांचा अहवाल २०१५ मध्ये आला. ८७ टक्क्यांहून अधिक लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या, विशीतल्यांच्याही. चार वर्षांपूर्वीची ती फिल्म कपाटातून काढून वरचेवर उजेडात धरत असाल, तर ते सोडा.

वर्गातल्या एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्या. फळ्याचा वरचा भाग लिहिताना कळ जास्त येते का? मान मागे गेली आणि दुखऱ्या बाजूला कलली की नसेची वाट आणखी अरुंद होते. डॉक्टर मान तशी कलवून वरून हलकेच दाबतात आणि हातात कळ उतरते का ते बघतात. सगळे मोबाइलला शिव्या घालतात. ‘मान खाली घातली की २७ किलोंचा भार पडतो’ हा आकडा तर घरोघर फिरतो. तो २०१४ मध्ये एका अमेरिकन सर्जनने संगणकावर मांडलेल्या गणितातला आहे, कुणाच्या मानेत काटा लावून मोजलेला नाही. तासन्‌तास मान खाली घालून बसल्याने ती आखडते, हे खरं. पण हातात उतरणाऱ्या कळेचा विचार केला, तर मोबाइलपेक्षा माळ्यावरचा डबा जास्त वाईट. डबे खाली आणा, फळ्याच्या खालच्या अर्ध्यात लिहा आणि उंच जागी काही चिकटवायचं असेल तर स्टुलावर चढा. वह्या तपासायला पूर्वीच्या कारकुनांसारखं उतरतं डेस्क मिळालं तर फारच छान. नाहीतर दोन जाड पुस्तकांवर तिरकी फळी ठेवली तरी चालतं.

‘उशी घेऊ नका’ हा सल्ला सरसकट देतात. कुशीवर झोपणाऱ्याने उशी काढली तर रात्रभर मान एका बाजूला लोंबते. खांद्याची उंची भरून निघेल एवढी उशी हवीच. मानेचा पट्टा दुखणं नवं असताना काही आठवडे उपयोगी पडतो, पण चार वर्षांनी तो घालून फिरलात तर स्नायू अधिकच आळसावतात. व्यायाम कंटाळवाणे असतात. मान, खांदे आणि पाठीची फरी यांचे, फिजिओथेरपिस्टने एकदा नीट बघून दिलेले आणि न चुकता केलेले चार प्रकार पुरतात. डेन्मार्कमधल्या मान-खांदे दुखणाऱ्या ऑफिस कर्मचाऱ्यांना रबरी पट्टा ओढण्याच्या दिवसातल्या दोन मिनिटांनीही आराम पडला होता. त्यांच्या नसा दबलेल्या नव्हत्या, हे ध्यानात ठेवून तेवढाच बोध घ्यावा.

अवघड जातात ते चांगले दिवस. मान हलकी वाटते म्हणून गणपतीच्या तोंडावर अख्खं घर एका रविवारी झाडून काढायचं, आणि मग बुधवारपर्यंत शेकाची पिशवी. काम वाटून घ्या, कामाच्या मध्ये थांबा, आणि हे थांबणं कळ यायच्या आधीचं असू द्या. घरच्यांना ते दिसत नाही. प्लास्टर नाही, टाके नाहीत, म्हणजे बाई ठणठणीत, असं सासरी-माहेरी सारखंच समजतात. त्यांना एकदा बसवून सांगा की हंडा कुणी उचलायचा आणि पडदे कुणी काढायचे. सहन करत राहण्यापेक्षा ते बरं.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबायचं नाही. ब्लाउजचे हूक लागेनासे झाले, खडू बोटांतून निसटायला लागला, चालताना तोल जातो किंवा पाय जड पडतात, मान वाकवली की पाठीतून वीज गेल्यासारखं होतं, लघवीवरचा ताबा सुटतो, यातलं काहीही झालं तर दबाव नसेवर नसून मज्जारज्जूवर आलेला असू शकतो. खुर्चीच्या हातावर रेटून उठताना डाव्या हाताची ताकद दिवसेंदिवस कमी पडत असेल तर तेही धरा. दुखणं कमी असलं तरी त्याच आठवड्यात न्यूरोसर्जन किंवा मणक्याच्या सर्जनना दाखवा, आणि लघवीचा ताबा सुटला तर त्याच दिवशी.

तुम्ही ऑपरेशनबद्दल विचारलेलं नाही, पण कधी वेळ आलीच तर छेद बहुधा गळ्याच्या पुढच्या बाजूने घेतात, म्हणून घाबरू नका. गादी मज्जारज्जूच्या पुढे असते, आणि १९५० च्या दशकापासून सर्जन तिथूनच जातात. अन्ननलिका आणि श्वासनलिका बाजूला सारून गादी काढतात, मग त्या जागी हाडाचा तुकडा किंवा पिंजरा घालून दोन मणके जोडतात, किंवा काही जणांना कृत्रिम गादी बसवतात. हातातली कळ त्याने चांगली थांबते. नुसत्या मानदुखीसाठी केलेल्या ऑपरेशनचा भरवसा तितका नाही, तेव्हा सर्जननी तारीख देण्याआधी ते नेमकं कशासाठी करताहेत, हातासाठी की मानेसाठी, एवढं त्यांना विचारून घ्या.