गर्भात व्यंग आहे असे कळले तर

गरोदर बाईची सोनोग्राफी करतात. पोटावर यंत्र फिरवतात आणि आतले बाळ पडद्यावर दिसते. अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास, म्हणजे पाचव्या महिन्यात, जी सोनोग्राफी होते ती फार महत्त्वाची. त्या वेळी डॉक्टर बाळाचे डोके, पाठीचा कणा, हृदय, हातपाय असा एकेक अवयव पाहतात. बहुतेक वेळा सगळे ठीक असते. मंडळी आनंदाने घरी येतात.

पण कधी डॉक्टर गप्प होतात. यंत्र पुन्हा फिरवतात. मग म्हणतात, "बाळात काही व्यंग दिसते आहे. घरच्यांना आत बोलवा."

त्या घडीला पुढचे शब्द कानांत शिरत नाहीत. शिकलेल्या माणसाचेही असेच होते. घरी आल्यावर कोणी विचारले, "डॉक्टर काय म्हणाले?" तर धड सांगता येत नाही. यात लाज कसली? दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. शांत डोक्याचे एक माणूस बरोबर न्यावे. आता तुम्हांला लिहिता-वाचता येते, तेव्हा वहीही न्यावी. व्यंगाचे नाव वहीत उतरवून घ्यावे. हे नक्की आहे की नुसता संशय आहे, ते विचारावे. रक्ताच्या तपासणीत "धोका जास्त" असे आले, म्हणजे व्यंग आहेच असे नव्हे. खात्रीसाठी कधी गर्भजलाची तपासणी करावी लागते. बाळ जगेल का, त्यावर इलाज आहे का, तो कुठे होतो, आज कितवा आठवडा आहे, हेही विचारावे.

व्यंग म्हटले की सगळे एकच, असे नसते. दुभंगलेला ओठ शस्त्रक्रियेने जुळतो. वाकडे पाऊल जन्मल्यावर लवकर प्लास्टर घालून सरळ करतात. हृदयातली काही छिद्रे आपोआप बुजतात, काहींना शस्त्रक्रिया लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात अशा मुलांची तपासणी आणि उपचार मोफत होतात. आशाताईंना विचारा. डाऊन सिंड्रोम असलेले मूल जगते, हसते-खेळते, पण सावकाश शिकते. त्याला पुष्कळ वर्षे आधार लागतो. आणि एक व्यंग असे असते की बाळाच्या डोक्याची कवटी आणि मेंदूचा मोठा भाग तयारच होत नाही. त्याला इलाज नाही. असे बाळ जन्मले तरी काही तास, फार तर थोडे दिवस जगते.

आता कायद्याचे पाहू. मुलगा की मुलगी हे विचारणे आणि सांगणे, दोन्ही गुन्हे आहेत. हा कायदा १९९४ चा. त्यामुळे काही लोक सोनोग्राफीच्या खोलीत तोंडच उघडत नाहीत. गर्भपात म्हटले की तुरुंग, असेही त्यांना वाटते. तसे नाही. व्यंग कोणते, हे विचारणे गुन्हा नाही.

गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला. त्यात पुढे वीस आठवड्यांची मुदत होती. २००८ साली मुंबईच्या एका जोडप्याला बाळाच्या हृदयाचा दोष मुदत उलटल्यावर कळला. ते उच्च न्यायालयात गेले, पण परवानगी मिळाली नाही. पुढे थोड्याच दिवसांत त्या बाईचा गर्भ आपोआप पडला. २०२१ साली कायदा बदलला. आता बाळात गंभीर व्यंग असेल तर चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यानंतर सरकारी वैद्यकीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचे असते. म्हणून घाईने निर्णय करू नये, पण महिनाभर गप्पही बसू नये. दाईकडे किंवा भोंदू डॉक्टरकडे तर मुळीच जाऊ नये. त्यात बाईचा जीव जातो.

संमती कोणाची लागते? बाई अठरा वर्षांपुढची असेल तर फक्त तिची. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, सासऱ्याची तर नाहीच. तिचे नाव गुप्त ठेवणे हेही डॉक्टरवर बंधन आहे.

दोन घरांची गोष्ट सांगतो. दोन्हीकडे बाळाची कवटी झालेली नव्हती. पहिल्या घरी सासू म्हणाली, "देवाने दिले ते आपण का मोडायचे?" दीर म्हणाला, "आजच मोकळे व्हा." नवरा दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिला. शेवटी सूनच बोलली, "आत्याबाई, तुमचे सगळ्यांचे ऐकते. पण कळा मला सोसायच्या आहेत. दोन दिवस मला विचार करू द्या." दोन दिवस कोणी तिला काही बोलले नाही. नवरा रात्री जवळ बसून राहिला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, चला. मला हे चार महिने ओढवणार नाही." जिल्हा रुग्णालयात गर्भपात झाला. दुसऱ्या घरच्या बाईने नऊ महिने भरू दिले. बाळ दुपारी जन्मले आणि दिवेलागणीला गेले. तेवढा वेळ ते तिच्या मांडीवर होते. तिने त्याला नाव ठेवले. गावात काही जण तिला वेडी म्हणाले, तसे पहिलीला पापीण म्हणणारेही निघाले. माझ्या मते दोघींचेही बरोबर होते. दोघींनी समजून घेतले आणि मग ठरवले. चावडीवर बसून दुसऱ्याच्या सुनेचा निर्णय करणारे तेवढे चुकले.

आता दोष देण्याची गोष्ट. "ग्रहणात विळी हातात धरली, म्हणून ओठ फाटला." हे वाक्य मी फार ऐकले आहे. अहो, बाळाचा वरचा ओठ गर्भात सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळून येतो. मग सातव्या महिन्यात ग्रहण लागले, आणि बाईने भाजी चिरली, तर जुळलेला ओठ फाटेल कसा? पुष्कळ व्यंगांचे कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. आणि बाळाला निम्मे बीज बापाचे असते, हे बाईला बोल लावणारे सोयीने विसरतात.

बाळ गेल्यावर घर सुने होते. एक गोष्ट बायांना आधी कोणी सांगत नाही. पाचव्या महिन्यात बाळ गेले तरी छातीत दूध येऊ शकते. छाती दाटते, दुखते, आणि दूध पाहून बाई पुन्हा कोसळते. दूध पिळून काढू नये, त्याने ते वाढते. गार पाण्याचा कपडा ठेवावा. ताप आला तर दवाखाना गाठावा. कारखान्यातल्या बाईला कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा मिळते. शेतावरच्या बाईला ही रजा कोण देणार? घरच्यांनीच द्यायची. तिला लगेच खुरपणीला धाडू नये.

"होईल दुसरे" असे म्हणून तिचे तोंड बंद करू नका. ती त्या बाळाविषयी बोलू लागली तर ऐका. नवऱ्यालाही दुःख असते. तो गोठ्यात जाऊन एकटाच रडतो. दोघांनी एकमेकांजवळ रडावे. पुष्कळ दिवस झोप नाही, अन्न गोड लागत नाही, जीव नकोसा वाटतो, असे झाले तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा. टेली मानस नावाची ही मोफत सेवा २०२२ साली सुरू झाली.

पुढच्या खेपेची तयारी दिवस जाण्याआधीच करायची असते. बाळाची कवटी आणि कणा गर्भ राहिल्यापासून पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच बंद होतात. तोवर पुष्कळ बायांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी आधीपासून घ्यावी लागते. ज्या बाईचे बाळ कवटीच्या किंवा कण्याच्या व्यंगाने गेले, तिला साध्या गोळीपेक्षा बरीच मोठी मात्रा लागते. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. त्या वेळी पहिल्या खेपेची सोनोग्राफीची कागदपत्रे बरोबर असावीत. दुःखाच्या भरात ती चुलीत घालू नका. ट्रंकेत तळाशी ठेवा.